गुरम्माचा अहवाल

विशाखा गजभारेला राग फार, हे नांदेडात सगळ्यांना ठाऊक होतं. लातूरला ते कळायचं अजून बाकी होतं.

नांदेडच्या एका खाजगी मनोरुग्णालयात तिनं सहा वर्षं काढली. तिचं शिक्षण ऑक्युपेशनल थेरपीचं. म्हणजे मनाच्या आजारानं माणसाच्या हातून सुटून गेलेली रोजची कामं, अंघोळ, स्वयंपाक, बाजारहाट, एसटीनं एकट्यानं जाणं-येणं, ही पुन्हा त्याच्या हातात आणून द्यायची. पण तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सहा वर्षं तिच्याकडून एकच काम करून घेतलं. पेशंटांना सतरंजीवर ओळीनं बसवायचं आणि कागदी पिशव्या चिकटवायला लावायच्या. कुणी पाहुणा आला की डॉक्टर हसत हसत ओळख करून द्यायचे, ह्या आमच्या टाइमपासवाल्या मॅडम. एकदा देगलूरकडचा एक म्हातारा बाप विचारत होता, पोरगं पुन्हा शेतात कधी जाईल म्हणून. डॉक्टर म्हणाले, पिशव्या करतंय की चांगल्या. विशाखानं तिथंच, त्या बापाच्या देखत, सांगून टाकलं की यांच्या शेतात पिशव्या पिकत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती कंधारला आपल्या घरी होती.

तिथून तिनं सुकन्याला फोन लावला. सुकन्या बिराजदार निलंग्याची, नागपूरच्या वसतिगृहात विशाखाच्या खोलीतली. दोघींचं शिक्षण एक, दोघींच्या तक्रारी एक. फरक एवढाच की सुकन्या तक्रार हळू आवाजात करायची. दोघींनी मिळून लातूरला बार्शी रोडच्या मागच्या गल्लीत एक तळमजला भाड्यानं घेतला आणि स्वतःचं केंद्र काढलं. पाटीवर व्यवसायोपचार असा शब्द होता, त्यामुळं पहिल्या आठवड्यात दोन पोरं शेळीपालनाचा सल्ला विचारून गेली.

केंद्रात खुर्च्या-टेबलं कमी आणि घर जास्त होतं. खरा ओटा, खरा गॅस, परात, पोळपाट, मोरी, कपडे वाळत घालायची दोरी. मालकीणबाईंनी विचारलंच, दवाखाना हाय का खानावळ? विशाखाची पहिली तपासणी ठरलेली असायची. चार माणसांचा चहा. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात सगळं येतं. माणूस आपणहून उठतो का, पाणी मोजतो का, दूध उतू जाताना त्याचं लक्ष असतं का, शेवटी गॅस बंद करतो का. अर्धा तास ती काही न बोलता बघायची, फार तर तीनदा आठवण द्यायची आणि फॉर्म भरायची.

आणि तिचा एक नियम होता, तो दारावर मोठ्या अक्षरात लावलेला: गंडे, दोरे, ताईत बाहेर ठेवून या.

हा नियम उगीच आला नव्हता. विशाखाच्या वडिलांच्या, केरबा गुरुजींच्या, घरात तान्ह्या लेकराच्या कमरेला काळा दोरासुद्धा कधी बांधला गेला नव्हता. आणि नांदेडच्या त्या दवाखान्यात तिनं काय काय पाहिलं होतं. एकोणीस वर्षांची एक पोरगी आली, गळ्यात सात ताईत, दंडावर डागण्या, हाताला साखळीचे वळ. दोन वर्षं बाबा-बुवांकडं फिरवून मग आणलेली. त्या दिवसापासून दोरा दिसला की विशाखाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. काढलेली प्रत्येक वस्तू ती एका ताटलीत ठेवायची, वहीत लिहायची, आणि परत देताना नातेवाइकाची सही घ्यायची. नांदेडच्या वॉर्डात पेशंटांच्या अंगठ्या गायब व्हायच्या, म्हणून ही काळजी. फक्त मंगळसूत्राला सूट होती. मंगळसूत्र काढा म्हटलं की नवरे भांडायला उठतात, असा तिचा अनुभव होता.

गुरम्मा आली ती एका बुधवारी. उदगीरची, चौतीस-पस्तीसची, बारीक अंगाची. सोबत नवरा श्रीशैल, कापड दुकानाचा मालक, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. सुकन्या त्या आठवड्यात भावाच्या लग्नाला भालकीला गेली होती, त्यामुळं विशाखा एकटीच. श्रीशैलनं सगळं नीट सांगितलं. पाच वर्षांपूर्वी बाळंतपणात दुसरं मूल गेलं, तेव्हापासून बायको बिघडली. कानात आवाज, रात्र रात्र फेऱ्या. गोळ्या चालू आहेत, आवाज थांबलेत, पण घराकडं लक्ष नाही. मोठी मुलगी चौथीत आहे. आता दोन्हीकडची जाणती माणसं बैठक बसवतायत. बाईनं नांदायचं का कायमचं बिलोलीला भावाकडं जायचं, हे त्यात ठरणार. त्यातल्या थोरल्या माणसानं सांगितलंय, बाई घर चालवू शकते का नाही ते जाणकाराकडून लिहून आणा. म्हणून आलो.

विशाखाला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. पहिल्यांदा कुणीतरी तिच्या कामाला किंमत देत होतं. गोळ्यांची चिठ्ठी नको, पिशव्या नकोत, बाईला काय येतं ते सांगा, असं म्हणत होतं.

गुरम्माच्या गळ्यात मंगळसूत्राशिवाय बरंच काही होतं. काळा गोफ, दोन ताईत, कुठल्याशा बाबाची चामड्याची पुडी, आणि जाड दोऱ्यात ओवलेली चांदीची एक डबी. डबीत काय असतं हे विशाखाला माहीत नव्हतं असं नाही. मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. लिंगायत माणसाचं इष्टलिंग. नियम म्हणजे नियम, तिनं मनाशी म्हटलं. अर्ध्या तासानं काय बिघडतंय? ताईत निघाले, पुडी निघाली, तोवर गुरम्मा गप्प होती. डबीजवळ हात गेला तशी तिनं ती मुठीत धरली आणि कानडीत म्हणाली, "बेड." म्हणजे नको. दोनदा म्हणाली.

श्रीशैल पुढं झाला. "मॅडमचा नियम हाय. काढ." आणि त्यानं स्वतःच तिच्या मानेमागची गाठ सोडली. विशाखाला वाटलं, नवरा किती समजूतदार आहे. हे तिला खरोखर वाटलं, आणि पुढं कितीतरी दिवस ते आठवून तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत राहिलं.

चहाचं काही झालं नाही. गुरम्मा ओट्यापाशी उभी राहिली ती राहिली. दोन्ही हात छातीशी, नजर दाराबाहेरच्या ताटलीकडं. विशाखानं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर गुरम्मा एवढंच म्हणाली, आधी ते द्या. विशाखानं फॉर्मवर लिहिलं: विषय बदलते. अर्धा तास झाला. पातेलं जागचं हललं नाही. मग तिनं अहवाल लिहिला, की बाई स्वयंपाकघरातलं कोणतंही काम सुरू करू शकत नाही, रोजच्या कामात तिला दुसऱ्याची पूर्ण मदत लागते. सही केली, नवा कोरा शिक्का मारला. वस्तू मी घेतो म्हणत श्रीशैलनं गुरम्माला तोवर बाहेर गाडीत नेऊन बसवलं होतं, म्हणून ताटलीतल्या वस्तू श्रीशैलच्या हातात दिल्या आणि वहीत त्याची सही घेतली.

रविवारी सकाळी सुकन्या लग्नाहून परतली ती थेट केंद्रात आली. विशाखा आठवड्याच्या फायली लावत बसली होती. सुकन्यानं चहा घेत घेत एकेक फाइल चाळली. गुरम्माची उघडली, वाचली, मग ती वही ओढून घेतली आणि तिचा चेहराच उतरला.

"तू हिचं लिंग काढलंस?"

विशाखा म्हणाली, मी सगळ्यांचंच सगळं काढते, तुला नियम माहीत आहे.

"नियम ताइताचा होता, विशाखा. ज्यांनी हे धरलंय त्या बाया लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घेत नाहीत. माझी आई तापानं फणफणली तरी घेत नाही. गळ्यात लिंग नसताना ती चुलीला शिवेल? मेली तरी शिवणार नाही. आणि तू तिला चहा करायला लावलास, तिनं केला नाही म्हणून शून्य दिलंस."

विशाखाला आधी सुकन्याचाच राग आला. नागपूरपासून एका ताटात जेवतोय, कधी बोलली नाहीस, स्वतःच्या गळ्यात तर काही घालत नाहीस, मग मला कुठून कळणार? असं ती ताडताड बोलून गेली. सुकन्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, माझं आईच्या देवघरात ठेवलंय, मी ठरवून ठेवलंय, कुणी माझ्या मानेवरची गाठ सोडलेली नाही. आणि तू कधी विचारलं होतंस? मंगळसूत्राला सूट देताना विचार केलास ना, नवरे भांडतील म्हणून? ही भांडली नाही, म्हणून हिचं काढलंस.

विशाखानं फाइल पुन्हा स्वतःकडं ओढली. 

फाइलीवर गुरम्माच्या भावाचा, उमाशंकरचा, नंबर होता. सुकन्यानं तो लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. उमाशंकर बिलोलीहून निघून उदगीरला पोचतच आला होता. बैठक आजच होती, बारा वाजता. त्यानं विशाखाचं नाव ऐकलं आणि त्याचा आवाज बदलला.

"बाई, तुमी माझ्या भयनीचं लिंग का ठिवून घेतलं? चार दिवस झाले, पोटात अन्नाचा कण न्हाई. पोरगी रडून रडून दोन घोट पाणी पाजती, तेवढंच. श्रीशैलराव म्हनले डॉक्टरणीनं तपासायला ठिवलंय. अन् आता समदे म्हनून राहिलेत, येड पुन्हा लागलं, जेवत न्हाई."

विशाखानं वहीतल्या त्या सहीकडं बघितलं. लफ्फेदार, ठसठशीत सही होती. म्हणजे यानं गाठ सोडली तेव्हाच याला सगळं माहीत होतं. आपली बायको लिंगाशिवाय ओट्याला हात लावणार नाही हे जगात कुणाला पक्कं माहीत असेल तर ते याला, आणि हा गोड हसत बाकावर बसून राहिला. वरून डबी लपवली.  असल्या माणसाला समजूतदार म्हटलं आपण, असल्या माणसाला.

"गोळ्या?" सुकन्यानं फोनवर विचारलं. उमाशंकर म्हणाला, त्या बी बंद, पोटात काय न्हाई तर गोळी कशी घेईल. फोन ठेवल्यावर सुकन्या म्हणाली की आणखी आठ दिवस गोळ्या बंद राहिल्या तर आवाज परत येतील. मग तुझा अहवाल खरा होईल. ती हे अगदी हळू बोलली, आणि विशाखाला ओरडून बोललेलं परवडलं असतं.

दोघी वही आणि शिक्का घेऊन निघाल्या. उदगीरची एसटी मिळाली. दोन तासांच्या रस्त्यात एकमेकींशी चार वाक्यंसुद्धा झाली नाहीत. सुकन्या खिडकीकडं तोंड करून बसली होती आणि विशाखा समोरच्या सीटचा दांडा धरून, जणू गाडी तीच ढकलत होती. राग कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. श्रीशैलवर तर होताच. बैठकीवर होता, की बाईनं नांदायचं का नाही हे ठरवायला पुरुष जमतात आणि तिला चहा येतो का एवढंच विचारतात. पण सगळ्यात जास्त स्वतःवर होता. आपण पिशव्यांवरून नोकरी सोडली आणि स्वतःच्या ओट्यावर काय केलं? बाई स्पष्ट म्हणाली, आधी ते द्या. यापेक्षा सरळ कसं बोलायचं माणसानं? आणि आपण लिहिलं, विषय बदलते.

श्रीशैलच्या घरी पुढच्या पडवीत सात-आठ माणसं खुर्च्यांवर बसली होती. मधोमध बसलिंगप्पा, अडत बाजारातला जुना माणूस, पांढरी टोपी, ज्याचा शब्द दोन्हीकडचे मानायचे. बाजूला उमाशंकर मान खाली घालून, गुन्हा त्याचाच असल्यासारखा. दाराच्या आत बाया. श्रीशैल मोबाइलवर अहवाल वाचून दाखवत होता. अहवालाचा फोटो त्यानं बुधवारीच घरच्या ग्रुपवर टाकला होता, त्यामुळं वाचण्याआधीच सगळ्यांनी तो वाचलेला होता. 'दुसऱ्याची पूर्ण मदत' इथं तो आला आणि दारात विशाखा दिसली.

श्रीशैलच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. या की मॅडम, म्हणाला. त्याची आई पार्वतम्मा आतून पाणी घेऊन आली, आधी सुकन्याला गाव विचारलं, मग विशाखाला आडनाव. गजभारे ऐकल्यावर तिनं दुसरा ग्लास पुढं न करता खालीच ठेवला. विशाखानं तो पाहिला. दुसऱ्या कुठल्या दिवशी ती यावर बोलली असती.

तिनं बसलिंगप्पाकडं तोंड करून सांगितलं की हा अहवाल माझा आहे, सही माझी, शिक्का माझा, आणि तो चुकीचा आहे. मी या बाईंचं लिंग काढायला लावलं आणि मग चहा करायला सांगितला. त्या दोनदा नको म्हणाल्या. मी ऐकलं नाही.

पडवीत कुजबूज झाली. लिंग काढलं म्हणताच दोघा-तिघांचे हात आपापल्या छातीशी गेले. श्रीशैल मात्र सावरला होता. तो बसलिंगप्पाला म्हणाला, आप्पा, बघा, परवा एक लिहितात, आज दुसरं बोलतात. अन् विशाखाकडं वळून, "तुमाला आमच्यातलं काय कळणार? तुमी तुमच्या मानसांचं बघा."

विशाखाच्या डोक्यात तिडीक गेली. पण गंमत अशी की त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं, आणि ती ते नाकारू शकत नव्हती.

"मला कळलं नाही, बरोबर आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कळत होतं. तुम्हाला सगळं कळत होतं, आणि गाठ तुम्ही सोडलीत."

बसलिंगप्पानं हात वर केला. आवाज न चढवता विचारलं, डबी कुठं हाय? श्रीशैल म्हणाला, यांच्याकडंच, लातूरला. मग विशाखानं वही उघडून बसलिंगप्पाच्या मांडीवर ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला, सही वाचली. वही शेजारच्याकडं दिली, त्यानं पुढच्याकडं. फिरत फिरत ती उमाशंकरपाशी आली आणि तो इतका वेळ खाली घातलेली मान वर करून मेव्हण्याकडं बघायला लागला.

कुणी काही बोलायच्या आत पार्वतम्मा उठली. आत गेली, कपाटाचं दार वाजलं, आणि ती डबी हातात घेऊन आली. तिच्या स्वतःच्या गळ्यात तसलीच डबी होती. म्हणजे हिलासुद्धा माहीत होतं. चार दिवस सून भुकेनं वाळत होती आणि ही रोज सकाळी अंघोळ करून आपली पूजा करून जेवत होती. विशाखाला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं, पण सुकन्यानं तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

गुरम्माला सुकन्या आणि एका शेजारणीनं धरून मोरीपर्यंत नेलं. अंघोळ, मग पूजा. पडवीत सगळे बसून राहिले. श्रीशैलनं एकदोनदा तोंड उघडलं, बसलिंगप्पा म्हणाला, तू गप. मग त्यालाही बसवेना, तो खुर्ची सोडून कठड्याला टेकून उभा राहिला. आतून घंटीचा बारीक आवाज आला आणि थांबला.

गुरम्मा दारात आली. ओले केस, धुतलेलं लुगडं, गळ्यात डबी. गाल बसले होते, पण नजर सरळ होती. बसलिंगप्पा तिला मायेनं म्हणाला, "बाई, झालं ते झालं. आता एवढ्या मानसांचा चहा करून दाखव. म्हंजी मिटलं समदं."

त्यानं ते चांगल्या मनानं म्हटलं. आणि सांगायला लाज वाटते, पण विशाखाचा हात पिशवीतल्या पेनाकडं गेला. तपासणी पुन्हा घेता येईल, असं तिच्या मनात आलं. सुकन्यानं तिच्याकडं जळजळीत बघितलं तेव्हा हात मागं आला.

गुरम्मा आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज झाला. भांड्यात पाणी पडलं, डब्याची झाकणं उघडली-लागली, गवती चहाचा वास पडवीत आला. बसलेल्या माणसांचे चेहरे सैल झाले, कुणी पाय लांब केले. गॅस बंद झाला. ती बाहेर आली, हातात एक कपबशी. एकच. श्रीशैलच्या रिकाम्या खुर्चीवर ती बसली, पुरुषांच्या मधोमध, बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि प्यायला लागली. आठ माणसं बघत होती. तिनं घाई केली नाही.

कप खाली ठेवून मग ती बोलली, आणि तिचा आवाज बारीक होता तरी शेवटच्या माणसापर्यंत गेला. "चहा येतो मला. सतरा-सतरा मानसांचा सैपाक केलाय ह्या घरात, बाळंतीण असताना बी. मी आजारी होते. येडी न्हाई. ज्यानं माझं लिंग लपवून मला उपाशी मारलं, त्याला चहा द्यायचा का न्हाई ते मी ठरवीन. पोरगी हितं हाय, मी बी हितंच ऱ्हाणार."

श्रीशैल काहीतरी पुटपुटला. बसलिंगप्पानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो गुडघ्यावर हात देऊन उठला आणि म्हणाला की बाई शहाणी हाय, बैठक झाली. श्रीशैलला सोडचिठ्ठी देऊन दुसरं लग्न करायचं असेल तर त्यानं खुशाल करावं, पण त्या लग्नाला आमच्यातला एक माणूस येणार नाही आणि लग्न लावायला जंगमही मिळणार नाही. घरात गुरम्माच राहील. उमाशंकर रडत होता, तोंडावर उपरणं धरून. माणसं चहाशिवायच पायताणं घालायला लागली.

विशाखानं पडवीच्या कठड्यावर कागद ठेवून नवा अहवाल लिहिला. आधीचा रद्द. बाई स्वतःहून काम सुरू करते, शेवटपर्यंत नेते, गॅस आठवणीनं बंद करते, स्वतःचे निर्णय स्वतः घेते. घर सांभाळायला सर्वार्थानं सक्षम. सही, शिक्का. आधीचा अहवाल नवऱ्याच्या हातात दिला होता. हा तिनं गुरम्माच्या हातात दिला.

गुरम्मा सातवी शिकलेली होती. तिनं ओळीवर बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग कागद परत विशाखापुढं धरला.

"ह्यात एक लिव्हलं न्हाई."

विशाखानं विचारलं, काय?

"मागल्या टायमाला मी उभी ऱ्हायले, ते का ऱ्हायले. मी न्हाई म्हनले अन् तुमी ऐकलं न्हाई. ते लिव्हा. तुमचं नाव घालून लिव्हा. उद्या पोरगी मोठी झाली अन् कुनी तिला म्हनलं तुजी आई येडी हुती, तर मी कागद दावीन."

असा कागद गावात फिरला तर नव्या केंद्राचं काय होईल, हे विशाखाला कळत होतं. सुकन्यालाही कळत होतं. ती नुसती वाट बघत उभी राहिली.

विशाखानं कागद पुन्हा कठड्यावर ठेवला आणि शिक्क्याच्या खाली उरलेल्या जागेत लिहिलं. रुग्णानं दोनदा नकार दिला होता. मी, विशाखा केरबा गजभारे, तो ऐकला नाही. चूक माझी. पुन्हा सही केली. गुरम्मानं तेवढं परत वाचलं, बोट ठेवून, आणि मान हलवली.

गुरुवारी केंद्रावर याल का, गोळ्या आणि झोप जरा बघू, असं विशाखानं विचारलं. गुरम्मा म्हणाली, सुकन्याताई असतील तर येईन. तुमच्याकडं नाही. हे तिनं रागानंही म्हटलं नाही. मग कागदाची चार घड्यांची घडी कमरेच्या पिशवीत ठेवली आणि पोरीला जेवायला हाक मारत आत गेली.